शेडमध्ये लाकडाचा बर्नर बसवताना: पेटीपेक्षा पाइपाची काळजी जास्त करा

नमस्कार.

तुमचं म्हणणं मला जसं कळलं तसं आधी मांडतो. लीड्सजवळ घर, मागच्या अंगणात १४ बाय १० फुटांची लाकडी शेड, छपराला मधे आढं आणि दोन्ही बाजूंना उतार. तिथं तुम्ही शनिवार-रविवार सुतारकाम करता. नोव्हेंबरनंतर बोटं आखडतात, रंध्याच्या पात्यांवर गंज चढतो. म्हणून लाकूड जाळून खोली तापवणारा ५ किलोवॉटचा एक वापरलेला लोखंडी बर्नर स्वस्तात उचललात. आता मागच्या भिंतीला भोक पाडून, कोपर (पाइपाचं वळण) लावून पाइप बाहेर काढायचा आणि बर्नर व भिंत यांत सहा इंच जागा ठेवायची, एवढं पुरेल का, हा प्रश्न.

नाही पुरणार. बर्नर कदाचित वापरता येईल, पण तो तुमच्या शेडला मोठा आहे. सहा इंच कमी आहेत. आणि साधा एकपदरी पाइप लाकडी भिंतीतून काढण्याचा विचार आजच सोडून द्या. का, ते सांगायला जरा वेळ घेतो.

मी मूळचा सांगलीकडचा, आयटीआय केलेला फिटर. गेली १९ वर्षं यॉर्कशरमध्ये बर्नर बसवण्याचं काम करतो. (घरी फोनवर 'स्टोव्ह बसवतो' म्हटलं की आईच्या डोळ्यांसमोर अजून रॉकेलचा पितळी स्टोव्ह येतो. म्हणून इथं बर्नरच म्हणतो.) पुढे जे लिहितोय ते इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंडचे नियम वेगळे, अमेरिका-कॅनडाचे आणखी वेगळे. शिवाय तुमची शेड मी पाहिलेली नाही. वासे कुठे आहेत, कुंपण किती जवळ आहे, वारा कुठून येतो, यावर बरंच अवलंबून आहे.

खरा प्रश्न कुठला

लोक सगळा विचार बर्नरच्या पेटीचा करतात. ओतीव की पत्र्याचा, काच केवढी, दिसतो कसा. पेटी विस्तवासाठीच बनवलेली असते, तिच्यामुळे सहसा काही होत नाही. मी जळालेल्या किंवा जळता जळता वाचलेल्या ज्या शेड पाहिल्या, तिथं कारण तीनपैकी एक होतं: पाइप लाकडातून जिथं पार होतो ती जागा, बर्नरजवळ ठेवलेली एखादी वस्तू, किंवा राख. माणसाला होणारी इजा निराळी, ती हवेमुळे होते. म्हणून माझा भर छपरातल्या भोकावर आणि हवेवर राहील.

धुराडं कसं चालतं ते तुम्हाला नव्यानं सांगायला नको, कारण तुमच्या-माझ्या वयाच्या माणसानं तांब्याचा बंब पाहिलेला असतो. खाली ढलप्या पेटवल्या की मधल्या नळकांड्यातून 'भर्र' असा आवाज यायला लागायचा. तो आवाज म्हणजे ओढ. गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि मागे ओढ निर्माण होते. त्या ओढीनंच खालून नवी हवा आत येते. नळकांडं गार असलं की बंब धुमसायचा आणि आजी फुंकणी शोधायची. तुमचा बर्नर हाच बंब आहे, फक्त पाण्याऐवजी खोली तापवणारा.

ही ओढ किती नाजूक असते हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसतं. बर्नरची चाचणी घेताना धुराड्यात साधारण १२ पास्कल ओढ धरतात. म्हणजे पाण्याच्या स्तंभाच्या हिशोबात जेमतेम सव्वा मिलिमीटर. एवढ्याशा दाबफरकावर सगळा धूर घराबाहेर जात असतो. एक कोपर, थोडी कमी उंची, शेडमध्ये चालू असलेला एक पंखा, यांतलं काहीही ती ओढ खाऊन टाकतं.

आधी आकार

इथं साधारण १४ घनमीटरला १ किलोवॉट असा ठोकताळा लावतात. तो बऱ्यापैकी ऊब धरणाऱ्या खोलीसाठी आहे. तुमची शेड अंदाजे ४.२५ मीटर लांब, ३ मीटर रुंद, सरासरी उंची २.२ मीटर. झाले २८ घनमीटर. म्हणजे भिंतींना आणि छताला आतून इन्सुलेशन केलं तर २ किलोवॉट पुष्कळ, आणि नुसत्या फळ्या असतील तर ३.

५ किलोवॉटचा बर्नर तिथं पेटवला की अर्ध्या तासात स्वेटर निघेल आणि मग तुम्ही हवेची झडप बंद कराल. सगळे तेच करतात. हवा कमी झाली की लाकूड जळत नाही, धुमसतं. धुमसणाऱ्या लाकडाचा डांबरासारखा चिकट धूर वर जाऊन गार पाइपाला आतून लेप देतो, आणि एक दिवस तो लेप पेटतो. पेटलेल्या धुराड्याचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. आगगाडी छपरावरून गेल्यासारखा. म्हणून शेडसाठी लहान बर्नर घ्या आणि तो मोकळ्या हवेवर, ज्वाळेनं जाळा.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर पहिले पैसे इन्सुलेशनवर घाला. ते झाल्यावर दोन-तीन तासांच्या कामाला २ किलोवॉटचा विजेचा हीटरही पुरतो, आणि तो बटण दाबल्यावर तापतो. बर्नरला खोली ऊबदार करायला अर्धा-पाऊण तास लागतो. दिवसभर काम करणार असाल आणि तुकडेताकडे घरचेच असतील, तरच बर्नर परवडतो. एक मात्र करू नका: सिलिंडरवरचा धुराडं नसलेला गॅस हीटर. १ किलो प्रोपेन जळाला की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन शेडमध्येच राहतं आणि रात्री तुमच्या पटाशा-रंध्यांवर जमतं. गंज हीच तक्रार असेल तर तो हीटर ती वाढवेल. बर्नर ही वाफ धुराड्यातून बाहेर नेतो, हा त्याचा मोठा गुण.

तुम्ही घेतलेला बर्नर ठेवायचाच असेल तर रात्री अंधारात त्याच्या आत टॉर्च लावून बाहेरून फिरून पाहा. उजेडाची रेघ दिसली तर ओतकामाला तडा गेलाय किंवा सांधा सुटलाय. दाराच्या कडेची दोरी बघण्यासाठी कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर दोरी बदला. आतली आडवी पट्टी आणि विटा शाबूत आहेत का पाहा. आणि सर्वांत महत्त्वाचं, त्यावर उत्पादकाची पाटी आहे का? पाटी आणि पुस्तिका असेल तर बाजूला, मागे किती अंतर हवं ते त्यात दिलेलं असतं आणि तोच आकडा अंतिम. पाटीच नसेल तर मी तो लाकडी शेडमध्ये बसवणार नाही. अमेरिकेत चाचणी न झालेल्या बर्नरला चारी बाजूंनी ३६ इंच मोकळी जागा धरतात. १० फूट रुंदीच्या शेडमध्ये तेवढं सोडलंत तर काम करायला अंगणात बसावं लागेल.

अंतर, आणि लाकूड कसं पेटतं

'हात लावला तर भिंत गरम लागते, पण चटका बसत नाही, मग काय हरकत?' हे मला नेहमी विचारतात. लाकूड पेटायला साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस लागतात, हे खरं. पण ते ताज्या लाकडाचं. तेच लाकूड हिवाळ्यामागून हिवाळा ऐंशी-नव्वद, शंभर अंशांवर भाजत राहिलं तर आतून काळं पडत जातं, कोळशासारखं सच्छिद्र होतं आणि पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. म्हणून 'दोन हिवाळे वापरतोय, काही झालं नाही' हे ऐकून मला धीर येत नाही. उलट तिसऱ्या हिवाळ्याची काळजी वाटते.

एकदा एका शेडमध्ये फक्त पाइपावरची टोपी बदलायला गेलो होतो. एकपदरी पाइप छपरातल्या प्लायमधून नेला होता आणि भोवतीच्या फटीत कोणीतरी प्रेमानं काचलोकर ठासून भरली होती, थंडी येऊ नये म्हणून. ती उपसली. शेजारचा वासा दोन बोटं आतपर्यंत कोळसा झालेला. मालक खाली उभा राहून चहा पीत होता. त्याला ना वास आला होता, ना धूर दिसला होता.

भिंतीपासूनचं अंतर कमी करायचं असेल तर मधे ढाल लावतात. सिमेंटचा अज्वलनशील बोर्ड किंवा पोलादी पत्रा, भिंतीपासून २५ मिलिमीटर पुढे, सिरॅमिकच्या किंवा धातूच्या ठोकळ्यांवर, आणि खाली-वर उघडा. काम ढाल करत नाही, तिच्यामागून वर जाणारी हवा करते. म्हणूनच लाकडी भिंतीवर थेट टाइल्स चिकटवणं फुकट आहे: टाइल जळत नाही, पण उष्णता मागच्या लाकडाला पोचवते. गुलाबी रंगाचा आगरोधक प्लास्टरबोर्डही ढाल म्हणून नको, त्याच्या अंगावर कागद असतो.

खाली लाकडी जमीन आहे असं धरतो. बर्नरच्या तळाची उष्णता किती, यावर फरशीची जाडी ठरते. जमिनीचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही असं उत्पादक लेखी सांगत असेल तर १२ मिलिमीटरचा दगड किंवा बोर्ड चालतो. तसं नसेल तर जाड काँक्रीटचा ओटा हवा, आणि मग खालच्या तुळया ते वजन पेलतील का हे पाहावं लागतं. बाजूला किमान १५० मिलिमीटर आणि दारापुढे ३०० ठेवा. सुतारशाळेत मी पुढे त्याहून जास्तच सोडतो आणि ओट्याच्या कडेला लोखंडी अँगलची दोन बोटं उंच पाळ बसवतो. रंध्याची सालं पायानं सरकत सरकत बर्नरखाली जातात. ती पाळ त्यांना अडवते.

बर्नरची जागा दाराच्या समोरच्या टोकाला. आग लागली तर ती तुमच्या आणि दाराच्या मधे नसावी. अग्निशामक मात्र दाराजवळ टांगा, बर्नरजवळ नव्हे.

पाइप आणि छपरातलं भोक

आता मुख्य काम. बर्नरच्या डोक्यावरून निघणारा पाइप एकपदरी असतो, एनॅमलचा किंवा पोलादाचा. त्याचा नियम सोपा: उघड्या ज्वलनशील पृष्ठापासून व्यासाच्या तिप्पट अंतर. १२५ मिलिमीटरचा पाइप असेल तर ३७५. मधे हवेची फट ठेवून योग्य ढाल लावली तर दीडपट. आणि हा एकपदरी पाइप छप्पर, भिंत, माळा यांतून पार करायचा नाही. कधीच नाही. तुमच्या बेतात नेमकं हेच होतं.

छपराच्या बरंच खाली, मी साधारण ४२५ मिलिमीटर धरतो, एकपदरी पाइप संपून दुपदरी इन्सुलेटेड पाइप सुरू व्हायला हवा. आत स्टेनलेस, बाहेर स्टेनलेस, मधे खनिज लोकर. या पाइपावर एक सांकेतिक ओळ छापलेली असते, शेवटी 'जी' अक्षर आणि त्यापुढे आकडा. जी म्हणजे आतली काजळी पेटली तरी टिकेल अशी चाचणी झालेली. आकडा म्हणजे लाकडापासून ठेवायचं अंतर, मिलिमीटरमध्ये. जी ५० असेल तर चारी बाजूंनी ५०, जी ८० असेल तर ८०. जी ऐवजी 'ओ' असेल तर तो पाइप लाकडाच्या बर्नरसाठी नाही, दुकानदार काहीही म्हणो.

भोक कापण्याआधी छपराच्या आतून ओळंबा सोडून केंद्र पाहा. दोन वाशांच्या मधोमध येत नसेल तर बर्नर हलवा, वासा कापू नका. कापलाच तर दोन बाजूंनी आडवे ठोकळे देऊन चौकट करावी लागते, आणि ती चौकटही अंतर पाळूनच. पाइप आणि लाकूड यांमधली ती ५० मिलिमीटरची फट रिकामी राहिली पाहिजे. तिथं लोकर नाही, फोम नाही, सिलिकॉन नाही. वरून आणि खालून धातूची तबकडी येते, ती त्या पाइपाच्या कंपनीचीच घ्या. पाऊस अडवायला छपरावर उष्णता सोसणारी सिलिकॉनची झालर बसते. तिची उताराकडची कड फेल्टवर (फेल्ट म्हणजे छपरावरचं डांबरी आवरण) आणि वरची कड फेल्टखाली, कौलं एकमेकांवर चढतात तशी.

सांध्यांची दिशा हीही चुकते. धूर वर जातो म्हणून लोक खालचा तुकडा वरच्याच्या आत घालतात. पण पाइपातून वर धूर जातो, तसं खाली पाणी आणि डांबर उतरतं. पन्हळीसारखा विचार करा: वरचा तुकडा खालच्याच्या आत. मग जे उतरेल ते बर्नरमध्ये परत जाईल, बाहेर ओघळणार नाही.

उंचीबद्दल इथला मार्गदर्शक आकडा बर्नरपासून वर ४.५ मीटर. बर्नरचं डोकं जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर धरलं तर पाइपाचं टोक पाच मीटरच्या वर जातं. शेडवर ते आगबोटीसारखं दिसतं, मान्य. काही छोट्या बर्नरचे उत्पादक याहून कमी उंची मान्य करतात, तेव्हा त्यांच्या पुस्तिकेचं ऐका. आढ्याजवळून पाइप निघत असेल तर टोक आढ्यापासून किमान ६०० मिलिमीटर वर हवं. पाख्यावर खाली कुठे निघत असेल तर आणखी वर जावं लागतं. म्हणून मी शक्यतो आढ्याजवळून काढतो. शेवटच्या आधारापासून साधारण दीड मीटरहून जास्त पाइप मोकळा राहणार असेल तर तारेचे किंवा नळीचे ताण लागतात. फेब्रुवारीतला इकडचा वारा तुम्हाला माहीत आहेच.

आणि भिंतीतून? दुपदरी पाइपानं, योग्य चौकटीतून करता येतं, चूक नाही. पण एक आडवा तुकडा आणि बाहेर थंडीत उभा राहिलेला पाइप, दोन्ही ओढ कमी करतात. सरळ वर नेणं जवळजवळ नेहमीच स्वस्त आणि बरं. वळवावंच लागलं तर ४५ अंशांचे दोन बाक घ्या.

हवा, आणि तुमचा भुसा ओढणारा पंखा

तुम्ही यंत्रांबद्दल काही लिहिलं नाही, पण सुतारशाळा आहे म्हणजे भुसा ओढणारं यंत्र असणार, निदान पुढे येणार. त्याबद्दल कुणीच विचारत नाही आणि मला सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटते.

हौशी सुतारकामाचं साधं यंत्रही तासाला आठ-नऊशे घनमीटर हवा ओढतं. तुमच्या शेडमध्ये हवा आहे २८ घनमीटर. म्हणजे त्याचं तोंड बाहेर काढलेलं असेल तर दर दोन मिनिटांनी शेडभर हवा बाहेर फेकली जाते. ती भरून निघणार कुठून? दाराच्या फटींतून, आणि अर्थात तुमच्या धुराड्यातून. ती १२ पास्कलची ओढ त्या पंख्यापुढे काहीच नाही. धूर उलटा फिरतो. ज्वाळा असताना निदान डोळे चुरचुरतात. निखारे उरलेले असताना धूर दिसत नाही, कार्बन मोनॉक्साइड मात्र भरपूर असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं की वार्निशचा वास चढला.

उपाय दोन. यंत्रातली हवा गाळून शेडमध्येच परत सोडा, म्हणजे दाबफरक होत नाही. किंवा बर्नर पेटलेला असताना ते यंत्र चालवू नका. मी दुसऱ्यावर विश्वास ठेवत नाही, कारण काम रंगात आलं की आपण विसरतो.

शिवाय कायमची उघडी, बंद करता न येणारी हवेची जाळी हवीच. इथल्या नियमांत ५ किलोवॉटपर्यंतच्या बर्नरला जुन्या, फटी असलेल्या घरात ती माफ आहे. पण नव्या घट्ट घरांसाठी दर किलोवॉटला ५५० चौरस मिलिमीटर धरतात, आणि तुम्ही इन्सुलेशन करून शेड घट्ट करणार असाल तर तोच हिशोब लावा. ३ किलोवॉटला १६५० चौरस मिलिमीटर, म्हणजे जेमतेम ४६ मिलिमीटर व्यासाचं भोक. थोडं मोठं पाडा आणि बारीक जाळी नको, ती भुशानं आठवड्यात बुजते.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बीएस ईएन ५०२९१ मानकाचा. छताला लावलात तर भिंतीपासून ३० सेंटिमीटर, बर्नरपासून आडवं १ ते ३ मीटरच्या मधे. धुराचा अलार्म सुतारशाळेत भुशानं उगाच वाजत राहतो, म्हणून उष्णतेचा लावा.

जाळायचं काय

सगळे ओल्या लाकडाबद्दल बोलतात, आणि ते बरोबरच आहे. २० टक्क्यांच्या वर ओलावा असलेलं लाकूड नको. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून २ घनमीटरहून कमी सरपण विकताना ते तेवढं कोरडं असणं बंधनकारकच आहे. मीटरनं मोजायचं तर ओंडका फोडून आतल्या ताज्या अंगावर मोजा.

पण तुमचं सरपण म्हणजे कामातले तुकडे, भट्टीत वाळवलेलं लाकूड, दहा-बारा टक्के ओलावा, पातळ पट्ट्या. ते कागदासारखं पेटतं. बर्नर भरून अशा ढलप्या टाकल्या तर पाइप लाल व्हायला दहा मिनिटं पुरतात. साध्या हिशोबानं, १ किलो कोरडं लाकूड सुमारे ४ किलोवॉट-तास उष्णता देतं, तीन चतुर्थांश खोलीला मिळाली तर ३. म्हणजे ३ किलोवॉटच्या बर्नरला तासाला १ किलो लाकूड. स्वयंपाकघरातला काटा आणून एकदा १ किलो तुकडे मोजून बघा, किती थोडे दिसतात ते. एकपदरी पाइपावर चुंबकाचा थर्मामीटर लावा आणि काटा साधारण ११५ ते २४५ अंशांच्या पट्ट्यात ठेवा. खाली गेला तर डांबर धरतंय, वर गेला तर हवा कमी करा.

भुसा आणि रंध्याची सालं मुठी भरून निखाऱ्यांवर टाकू नका. क्षणभर धुमसतात, गॅस साठतो आणि मग दार उघडताना तोंडावर भडका येतो. माझ्या भुवया एकदा गेल्यात. एमडीएफ, प्लाय, चिपबोर्ड, रंगवलेलं जुनं लाकूड, कुंपणाचे औषध लावलेले खांब हे अजिबात नको. जुन्या खांबांच्या राखेत आर्सेनिक असू शकतं. पॅलेटवर एचटी छाप असेल तर ते उष्णतेनं निर्जंतुक केलेलं, चालतं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड, त्याला हात लावू नका.

जवसाच्या तेलाच्या चिंध्या वेगळ्याच. डॅनिश ऑइल, बॉइल्ड लिनसीड पुसलेलं फडकं चुरगळून टोपलीत टाकलं की तेल वाळताना स्वतःच तापतं आणि बर्नर नसतानाही पेटतं. चिंध्या बाहेर दोरीवर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा. थिनर, स्प्रे, काँटॅक्ट गोंद वापरायचा दिवस हा बर्नर पेटवायचा दिवस नव्हे. त्यांची वाफ हवेहून जड असते, जमिनीवरून सरपटत विस्तवापर्यंत जाते. राख धातूच्या झाकणाच्या बादलीत, शेडबाहेर, दगडावर, दोन-तीन दिवस. निखारा राखेखाली किती वेळ जिवंत राहतो हे चूल सारवलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

कागदपत्रं

१५ चौरस मीटरहून लहान, झोपायची सोय नसलेली स्वतंत्र शेड इंग्लंडच्या बांधकाम नियमांतून साधारणपणे सुटते, आणि तुमची १३ चौरस मीटर आहे. म्हणून स्वतः बसवायला कायद्याची आडकाठी बहुधा येणार नाही, तरी पेटवण्याआधी हेटासच्या (बर्नर बसवणाऱ्यांची नोंदणी करणारी इथली संस्था) नोंदणीकृत माणसाकडून एकदा तपासून घ्या. धुराचे नियम मात्र शेडलाही लागतात. डिसेंबर १९५२ च्या लंडनच्या धुरक्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला आणि त्यातून धूर-नियंत्रण क्षेत्रं आली. लीड्सचा बराचसा भाग त्यात आहे. तिथं लाकूड जाळायचं तर बर्नर सरकारच्या मान्य यादीत असावा लागतो, नाहीतर धुराड्यातून धूर दिसल्यास १७५ ते ३०० पौंड दंड होऊ शकतो. तुमचा जुना बर्नर त्या यादीत आहे का, हे पाइप विकत घेण्याआधी बघा. धुराड्याच्या उंचीबद्दल कौन्सिलच्या प्लॅनिंग खात्याला आणि बर्नरबद्दल विमा कंपनीला ईमेल करा, आणि दोन्ही उत्तरं जपून ठेवा.

म्हणजे कामाचा क्रम असा धरा: यादी आणि पाटी तपासणं, इन्सुलेशन, बर्नरची जागा वासे पाहून ठरवणं, ओटा, ढाल, मग छपरातलं भोक आणि दुपदरी पाइप, हवेची जाळी, अलार्म. वर्षातून दोनदा धुराडं साफ, एकदा हंगामाआधी, एकदा नंतर.

पेटवण्याआधी धुराची गोळी आत जाळून दार लावा आणि प्रत्येक सांध्यावर नजर फिरवा. नंतर पहिल्या तीन आगी लहान ठेवा, चार-पाच काड्यांच्या, आणि प्रत्येक वेळी पूर्ण गार होऊ द्या. रंग भाजताना वास आणि निळसर धूर येईल, तेव्हा शेडचं दार सताड उघडं ठेवा आणि बर्नरला हात लावू नका, रंग मऊ असतो. तिसऱ्या आगीला पाइपाशेजारच्या लाकडावर दर दहा मिनिटांनी तळहात ठेवून बघा. हात ठेवता येत नसेल तर आग विझू द्या आणि छपराजवळच्या भागाचा फोटो पाठवा.